कुकरखालचा ऑल-अमेरिकन

मी एक जुना लाकडी फलक आहे, मित्रांनो. जुना म्हणजे फार नाही, सहा वर्षांचा. पण त्यातली साडेपाच वर्षं मी कुकरखाली काढली आहेत, आणि कुकरखालचं एक वर्ष भिंतीवरच्या दहा वर्षांबरोबर धरावं असं माझं म्हणणं आहे. हे म्हणणं आजवर कोणी ऐकून घेतलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक करवत आणि एक खोकणारा माणूस. आतून मी पाईनचा, वरून मला अक्रोडाचा रंग दिला. म्हणजे लबाडी जन्मापासूनच सुरू झाली, पण ती माझी नव्हे. त्याच दिवशी जन्मलेलं माझं एक भावंड जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा भोपळा पिकवणाऱ्या बाईंकडे गेलं. त्या भावंडाचा मला आजही हेवा वाटतो. भोपळा मोठा होता, लोकांनी तो तोलला, विषय संपला. माझ्या नशिबात असं सरळ काही नव्हतं.

माझ्या छातीवर चार स्क्रूंनी पितळेची पट्टी बसवली. पट्टीवर सगळ्यांत वर, बोटाएवढ्या जाड अक्षरांत कोरलं, ‘ऑल-अमेरिकन’. मधे मुलाचं नाव. आणि तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरांत, ‘सन्माननीय उल्लेख’.

हे प्रकरण नीट सांगायला हवं, कारण सगळा घोळ इथेच आहे. अमेरिकेत कॉलेजची मुलं बास्केटबॉल खेळतात. हंगाम संपला की जाणकार मंडळी देशभरातून पाच उत्तम खेळाडू निवडतात. तो पहिला संघ. मग आणखी पाच, तो दुसरा. मग तिसरा. एवढं करूनही काही नावं त्यांच्या मनातून जात नाहीत, त्यांची मग एक लांबलचक यादी करतात. ती यादी म्हणजे सन्माननीय उल्लेख. छोट्या कॉलेजांच्या गटात, त्या यादीत आमच्या देवचं नाव होतं.

आणि हे संघ कधीच खेळत नाहीत, मित्रांनो. एकही सामना नाही. प्रशिक्षक नाही, जर्सी नाही, बसमधला डबा नाही. पहिल्या पाचांची एकमेकांशी ओळख असेलच असंही नाही. संघ कागदावर जन्मतो आणि कागदावरच निवृत्त होतो. तो नुसता मान असतो. आणि मी त्या पाचांचाही नव्हे. जो संघ कधी मैदानात उतरत नाही, त्याच्या बाकावरसुद्धा मला जागा नव्हती.

देवचं घर जर्मनीत, हायडेलबर्गजवळच्या एका गावात. वडील प्रद्युम्न, तेव्हा एका संशोधन संस्थेत मुळांचा अभ्यास करायचे. झाडांच्या मुळांचा. आई मालविका, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. थोरली बहीण सुकन्या, तिचं लग्न एका जर्मन माणसाशी झालेलं, आणि तिची मुलगी केया. देव गावच्या क्लबात खेळत खेळत अमेरिकेत शिकायला गेला आणि शेवटच्या वर्षी त्याच्या नावाचा हा उल्लेख झाला. कॉलेजकडून आलेला माझा फोटो त्याने बाबांना पाठवला. बाबांनी तो फोनवर पाहिला. फोनवर फक्त जाड अक्षरं दिसत होती.

पुढचं मी स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे. या घरात ती गोष्ट वर्षातून सहा वेळा निघते आणि प्रत्येक वेळी बाबा उठून बाल्कनीत जातात.

बाबांनी अमेरिकेत फोन लावला. “कधी आहे?”

“शनिवारी,” देव म्हणाला. “इथल्या दुपारी एकला.”

देव सांगत होता कॉलेजमधल्या सत्काराच्या जेवणाबद्दल. बाबा समजले सामना. राष्ट्रीय संघात निवड झाली म्हणजे सामना असणारच, हे त्यांना इतकं उघड वाटलं की विचारायची गरजच पडली नाही. त्याच शनिवारी मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. बाबांनी सुगम संगीत रद्द करवलं, स्वतःच्या संस्थेतून प्रोजेक्टर आणला, आणि संध्याकाळी सात वाजता त्रेचाळीस माणसं साबुदाणावड्याच्या प्लेटा घेऊन पडद्यासमोर बसली. कॉलेजच्या वेबसाइटवर थेट प्रक्षेपण सुरू झालं.

पडद्यावर गोल टेबलं दिसली. सूप आलं. मग चिकन आलं. त्रेचाळीस माणसांनी देवला कोट घालून पस्तीस मिनिटं चिकन खाताना पाहिलं.

“वॉर्म-अप चाललाय,” बाबा म्हणाले.

शेवटी एका गृहस्थांनी मला देवच्या हातात दिलं, टाळ्या झाल्या आणि पडदा काळा झाला. तेव्हा पहिल्या रांगेतून शरदचंद्र उठले. मंडळाचे माजी अध्यक्ष, त्यांच्या सुगम संगीताचाच कार्यक्रम रद्द झालेला. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, “प्रद्युम्न, मुलगा जेवला हे उत्तम झालं. पण मॅच कधी आहे?”

पुढची सहा वर्षं हे गृहस्थ बेकरीत, बसस्टॉपवर, कुणाच्या बारशात, जिथे भेटतील तिथे एवढंच विचारत राहिले. “काय प्रद्युम्न, मॅच कधी?” बाबांनी मंडळ सोडलं. मग बेकरी बदलली.

अशा घरात मी जून महिन्यात देवच्या बॅगेतून, त्याच्या जर्सीत गुंडाळून, पोहोचलो. देवने मला टेबलावर ठेवलं आणि बाबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बाबांनी मला उचललं. चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. बराच वेळ वाचली. दोनच शब्द होते.

“बरं,” ते म्हणाले. “भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला विचारावं लागेल.”

त्यांनी घरमालकाला कधीच विचारलं नाही. देवने बाबांना कधीच विचारलं नाही. देवला वाटलं बाबांना आपली लाज वाटते. बाबांना लाज वाटत होती ती स्वतःची. हे मला माहीत होतं, पण मी पाईनचा तुकडा, मी काय बोलणार! त्या दिवसापासून त्या दोघांत बास्केटबॉल हा शब्द निघेना. बापलेक हवामानावर बोलायचे. इथे तेही फारसं बदलत नाही.

सहा महिने मी टेबलावर टपालाखाली पडून होतो. मग एके दिवशी आईने गरम कुकर ओट्यावर टेकवायला काहीतरी शोधलं आणि मी सापडलो. तिने मला पालथं ठेवलं, पट्टी खाली. “नाव जळायला नको,” ती म्हणाली. याला ती आदर समजत होती. झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं असतात, माझ्या पाठीवर वरणाची आहेत. तूरडाळ, मूगडाळ, अधूनमधून राजमा. दसऱ्याला तेवढं मला पुसून सुलटं करायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथं. वर्षातून एकदा मी शस्त्र होतो, बाकी दिवस पाट.

अशी वर्षं गेली. देव नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर झाला, घरापासून दहा मिनिटांवर वेगळा राहू लागला, आणि दर मंगळवारी लवकर निघून गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये बारा मुलांना बास्केटबॉल शिकवू लागला. त्यांत दहा वर्षांची केयाही होती. बाबा हे सगळं जाणून होते. बघायला एकदाही गेले नाहीत.

आणि मग या नोव्हेंबरात, एका बुधवारी संध्याकाळी, देव एक पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. मागून केया.

“आई, माझा तो फलक कुठंय?”

“कुठला रे?”

“माझा. अमेरिकेतला.”

आईने कुकरकडे पाहिलं. देवने आईकडे पाहिलं. कुकरने वाफ सोडली.

“आई!”

“अरे, पालथा ठेवलाय! नाव जपलंय मी! थांब, आत्ताच उतरवलाय, वाफ जिरू दे.”

माझ्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला मागत होतं आणि मी भाताखाली होतो.

तेवढ्या वेळात देवने पत्र वाचून दाखवलं. गावाच्या क्रीडाखात्याचं होतं. हॉलची मंगळवारची पाच ते साडेसहा ही वेळ, जिला इथे हालेनत्साइट म्हणतात आणि जी जमिनीच्या तुकड्यासारखी जपतात, ती काढून ज्येष्ठांच्या व्यायामगटाला देण्यात येणार होती. कारण देवकडे प्रशिक्षकाचं लायसन्स नव्हतं. लायसन्सच्या कोर्सला वसंतापर्यंत जागा नव्हती. तोवर चालवून घ्यायचं असेल तर मोठ्या पातळीवर खेळल्याचा नाखवाइस, म्हणजे पुरावा, शुक्रवारी बाराच्या आत दाखवायचा होता.

“आणि नाही दाखवला तर?” आईने विचारलं.

केया जर्मनमध्ये म्हणाली, “तर आमची टीम संपली. दुसरा हॉल नाहीये.” मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. एवढं बोलून ती आजोबांकडे बघत राहिली.

दारात बाबा उभे होते. बाल्कनीत गेले नव्हते.

“शुक्रवारी मी येतो,” ते म्हणाले.

“बाबा, नको. मी बघतो.”

“कागद कोण लावणार? तुझ्याकडे फाइल तरी आहे का?”

शुक्रवारी सव्वाअकराला आम्ही तिघं क्रीडाखात्यात बसलो होतो. देव, बाबा आणि प्लास्टिकच्या फाइलच्या वर मी. समोर खात्यातल्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ओबरले. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, उलटंसुलटं केलं आणि नाकाजवळ नेलं.

“याला कसला वास येतोय?”

“वरणाचा,” बाबा जर्मनमध्ये म्हणाले. “म्हणजे डाळीचा. ते महत्त्वाचं नाही.”

“आल्झो, तर मग. ऑल-अमेरिकन. हा राष्ट्रीय संघ?”

“तसाच,” देव म्हणाला. “मानाचा.”

“तुम्ही पहिल्या पाचांत?”

“नाही.”

“राखीव?”

“नाही. दुसऱ्या पाचांतही नाही, तिसऱ्याही नाही. त्यानंतर एक यादी असते.”

“यादीत कितवे?”

“यादी आडनावांच्या क्रमाने असते.”

फ्राऊ ओबरलेंनी काहीतरी टाइप केलं. फार काही नसावं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. त्यांची काही चूक नव्हती, फॉर्मवर तो रकानाच होता.

“या संघाने सामने किती खेळले?”

देवचे कान लाल झाले. त्याने बाबांकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. त्यांच्या कपाळावर तो पाडवा उभा होता, वड्यांसकट.

“शून्य,” बाबा म्हणाले.

“बाबा, राहू दे.”

“थांब. फ्राऊ ओबरले, हा संघ खेळायला नसतोच. लोक वर्षभर गावोगावी सामने बघतात. हजारो मुलांचा खेळ बघतात. आणि शेवटी सांगतात की एवढी मुलं आमच्या लक्षात राहिली. बस. माझा मुलगा त्यांच्या लक्षात राहिला.” त्यांनी चष्मा काढला. “परक्या लोकांच्या लक्षात राहिला. मी सहा वर्षं सामना कधी आहे तेच विचारत बसलो, मनातल्या मनात. कारण मी फक्त मोठी अक्षरं वाचली होती, आणि बारीक वाचली तेव्हा मला राग आला. अक्षरांचा.”

देवने मला हातात घेतलं होतं. त्याचा अंगठा पट्टीच्या तळाच्या ओळीवर होता आणि तो तिथून हलेना.

फ्राऊ ओबरले म्हणाल्या, “मला समजलं. अगदी समजलं. पण सामन्यांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“शून्य लिहा.”

“शून्य लिहिलं की कॉम्प्युटर पुढे जात नाही.”

त्यांनी लिहून दाखवलं. खरंच पुढे गेला नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, एवढं बोलल्यावर तरी काम व्हायला हवं होतं. मीही तेच म्हणालो. पण मी फलक.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. ज्येष्ठांच्या गटाने स्वतः लेखी संमती दिली तर हॉल पडदा टाकून अर्धा-अर्धा वाटता येतो. गटप्रमुखांची सही लागेल, आज बाराच्या आत. त्यांनी प्रमुखांचं नाव कागदावर लिहून दिलं. बाबांनी ते वाचलं आणि भिंतीला टेकले.

शरदचंद्र.

“सोडा बाबा,” देव म्हणाला. “खरंच सोडा. मुलांना मी सांगतो.”

बाबांनी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. त्यांनी कॉरिडॉरमध्येच फोन लावला, आणि घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं. त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

“अरे! कोण हे! प्रद्युम्न! सहा वर्षांनी फोन! काय, मॅच कधी?”

बाबांनी डोळे मिटले.

“मंगळवारी,” ते म्हणाले. “पाच वाजता.”

शरदचंद्रांनी हा प्रश्न इतकी वर्षं विचारला होता, पण उत्तर येईल याची तयारी कधी केलेली नव्हती.

“कुठली मॅच?”

“देवच्या टीमची. शाळेच्या हॉलमध्ये. पण तुमच्या गटाने अर्धा हॉल सोडला तर. आणि तुम्ही पंधरा मिनिटांत क्रीडाखात्यात येऊन सही केली तर.”

“म्हणजे तू मला विनंती करतोयस?”

“हो.”

“प्रद्युम्न, तू माझं सुगम संगीत रद्द केलं होतंस.”

“हो. चूक झाली. पाडव्याला पुन्हा करा, मी पहिल्या रांगेत बसेन.”

“शेवटपर्यंत?”

शरदचंद्रांचं गाणं बाबांनी एकदा ऐकलेलं होतं. “शेवटपर्यंत.”

अकरा छप्पनला शरदचंद्र सायकलवरून, हेल्मेट न काढताच, आत आले आणि सही करून म्हणाले, “अर्धा म्हणजे अर्धा. बॉल पडद्याच्या अलीकडे आला तर आमचा.”

काम झालं असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण मुलांच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या हॉलमध्ये जी बास्केट होती, तिच्या मागच्या लाकडी फळीचा खालचा कोपरा तुटून पडलेला होता. बॉल तिथे लागला की भोकातून मागे जाऊन अडकायचा. हाउसमाइस्टर म्हणजे शाळेची देखभाल करणारे गृहस्थ हात बांधून म्हणाले, “दुरुस्तीचा अर्ज केलाय. मार्चमध्ये होईल.”

मंगळवार. पावणेपाच. बारा मुलं, शिडी, आणि सहा वर्षांत प्रथमच त्या हॉलमध्ये आलेले बाबा. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि शिडीवर चढून भोक मोजलं. मग खाली येऊन मला मोजलं. मी देवच्या पिशवीत होतो, शुक्रवारपासून.

“देव,” ते म्हणाले. “नऊ बाय बारा इंच. हा बसतो.”

“बाबा, तो फलक आहे.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. आणि चांगल्या लाकडाचा आहे. साडेपाच वर्षं कुकर सोसलाय.”

मित्रांनो, माझी एवढी स्तुती कधी कोणी केली नव्हती.

देवने माझ्याकडे पाहिलं. हाउसमाइस्टर म्हणाले, “लाकूड चालेल. पितळ चालणार नाही. मुलांच्या डोक्यावर धातू, नियमात बसत नाही.”

मग देवने खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्या छातीवरचे चार स्क्रू एकेक करून सोडवले. पट्टी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती रुमालाने पुसली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं होतं की दुखेल. नाव गेलं, मान गेला, जाड अक्षरं गेली, बारीकही गेली. राहिला फक्त पाईनचा तुकडा, पाठीवर वरणाची वर्तुळं असलेला. त्यांनी मला शिडीवरून वर नेलं आणि चार मोठे स्क्रू मारले. भिंतीला भोक पाडावं लागलं नाही. घरमालकालाही विचारावं लागलं नाही.

पाच वाजता पडद्यापलीकडे ज्येष्ठांनी हात वर केले आणि खाली करायचे विसरले, कारण शरदचंद्रांनी पडदा दीड हात बाजूला सरकवून ठेवला होता. पाच विरुद्ध पाच, दोन बाकावर. देवने शिट्टी वाजवली. मी दचकलो. इतकी वर्षं मला शिट्टीनंतर फक्त डाळच माहीत होती.

पहिला बॉल केयाने मारला. तो थेट माझ्यावर आदळला. आतपर्यंत हादरलो, मित्रांनो, आणि सहा वर्षांचा सगळा वास माझ्यातून बाहेर पडला असावा, कारण खाली एक मुलगा म्हणाला की कुठेतरी स्वयंपाक चाललाय. बॉल बाहेर गेला.

“मान्नो!” केया पाय आपटून ओरडली, हे जर्मनमधलं ‘शी बाई!’.

“कोपऱ्यावर नको, फळीवरच्या चौकोनात मार!” हे देव नव्हता ओरडला. बाबा ओरडले होते, मराठीत.

तिने पुढचा चौकोनात मारला. आत गेला.

“प्रद्युम्न,” पडद्याच्या फटीतून शरदचंद्र म्हणाले, हात अजून वरच, “स्कोअर काय झाला?”

“दोन-शून्य,” बाबा म्हणाले.

ती पट्टी आता देवघरात असते. आई दसऱ्याची वाट न बघता तिला रोज कुंकू लावते, जाड ओळीला एक बोट आणि बारीक ओळीला एक. कुकरखाली आता फरशीचा तुकडा आहे, त्याचं तो बघून घेईल. तुमच्या घरी कोणाच्या नावाचा एखादा फलक असेल, तर त्याला पालथा घालू नका, आणि कोरलेलं सगळ्यांत बारीक आहे ते एकदा मोठ्याने वाचा, ज्याचं नाव आहे त्याच्यासमोर. सहा वर्षं थांबू नका. मी थांबलो, माझी पाठ बघा.

उल्लेख घरी राहिला आणि मी संघात आलो. आज मंगळवार आहे, पाच वाजले आहेत, शिडीशेजारच्या खुर्चीवर बाबा येऊन बसलेत. आता बोलणं पुरे. बॉल येतोय.